घरपोच दात

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी मायलेकी बसल्या होत्या.

“दात सरळ करायचे ते पारदर्शक अलायनर कुणी घरपोच मागवतं का गं? ना एक्स-रे, ना कुठल्या डॉक्टरने तोंडात बघितलं!”

“कंपनीला फोटो पाठवले होते.”

“फोटोत हिरड्या कळतात होय? आता पुढचा दात हलतोय! आधीच इथे यायला काय झालं होतं?”

“इथे तारा लावल्या असत्या. सगळ्यांना दिसल्या असत्या.”

“दिसल्या तर दिसल्या! कोण खाणार होतं तुला?”

“तूच! फोटो काढताना दरवेळी कोण ओरडतं, ‘तोंड मिटून हस’ म्हणून?”

“अगं, ते तुझ्या भल्यासाठीच...”

“सगळ्यांसमोर, आई! लहानपणापासून!”

तेवढ्यात नर्सने मुलीला आत बोलावलं.

“चल, मी सांगते डॉक्टरांना.”

“तू बाहेरच बस. माझं मी सांगेन.”