बिनविरजणाचं दूध

— अहं, त्या गोधडीला हात नका लावू, भावजी. इकडे बसा, या अंगाला. चहा घ्या आधी. खाली वाटेवर उभा केलेला ट्रक काय पळून जातोय होय? शेरडं भरायची की नाही ते ठरायचंय अजून. — काय? ठरलंय? कोण ठरवणार? ठरवणार हिझिर बाबा, तंबूतंबूतून बरकत वाटत फिरणारा अवलिया! तुम्हीच म्हणालात ना, तुमच्या भावाच्या, माझ्या याकूपच्या मयताच्या जेवणाला, सगळ्या भावकीसमोर — 'वहिनी, वसंताच्या सणाला, हिदिरेल्लेझच्या रात्री विरजण न घालता तुझं दूध लागलं तर हिझिर बाबा तंबूत पाऊल ठेवून गेला म्हणायचं, राहा मग डोंगरावर. नाही लागलं तर शेरडं विकायची आणि अंताल्याला लेकाकडे, दुर्सुनकडे जायचं, चवथ्या मजल्यावर.' आणि वर काय? बाप्या नसलेल्या तंबूत बाबा कशाला येईल! माझ्या ध्यानात आहे हो. तुमच्या मिशीला पिलावाचं शीत चिकटलं होतं, तेसुद्धा.

मी हो म्हणाले. म्हणाले ना? मग नेमाप्रमाणे काल जुनं विरजण ओढ्यापलीकडे ओतून दिलं, तांब्याच्या भगुल्यात दूध तापवलं, करंगळीला सोसेल इतकं निवू दिलं, गुंडाळून ठेवलं. आता शेरडाचं दूध ते — मेंढीच्या दह्यागत सुरीनं कापता येतं का? शेरडाचं दही नुसतं बोललं तरी हलतं. उन्हं वर येऊ द्यात. तुमच्या आईनं दुपारपर्यंत कुणाला झाकण उचलू दिलं होतं का कधी? — काय बघताय असं? गोधडी हलली? वारा आहे. तोरोसच्या डोंगरात वारा नवा आहे होय तुम्हाला? — आवाज? कुठला आवाज? दही कधी बें करतं का, भावजी —

बरं. काढा. काढाच ती गोधडी. बघा डोळे भरून. करडू आहे. ती काळी बांडी शेरडी सगळ्यांच्या मागून व्याली, तीही नेमकी रात्री. पोर ओलं गच्च, बाहेर दंव, आई चाटायला उठेना. तंबूत जाड गोधडी ही एकच. बाकीच्या तुमच्या बायकोनं मयतात पाहुण्यांसाठी म्हणून नेल्या — आणल्या का परत? मग भगुल्यावरची ओढली आणि ह्याला गुंडाळलं. दूध गार पडणार, ठाऊक होतं मला. शेजारीच बसून होते की! भगुलं तिकडे आहे, कोपऱ्यात, दळणाच्या पोत्यामागं. दूधच आहे. पातळ पाणी. झालं समाधान?

हसू नका. याकूप असतानाही लागलं नव्हतं, दोन वर्षं लागोपाठ. तेव्हा कुठं होता ट्रक? तेव्हा तर तुम्हीच ते दूध भगुल्याला तोंड लावून प्यायलात, मिशी पुसलीत आणि म्हणालात, बाबा वाट चुकला असेल. वा रे न्याय! तंबूत बाप्या असला की बाबा चुकतो, आणि बाई एकटी असली की बाई चुकते, होय? आणि आला नाही कशावरून? लाकडासारखं ताठ पडलेलं हे पोर उजाडता उजाडता लाथा झाडायला लागलं — कुणाचा हात फिरला त्याच्यावर?

पलीकडच्या तंबूतल्या झेलिहाचं लागलंय. पहाटेच ओरडत आली होती. तिच्याकडून चमचाभर आणीन, हे दूध पुन्हा कोमट करीन. बाबा एका तंबूत येतो, बायका त्याला साऱ्या डोंगरावर पोचवतात — असंच चालत आलंय. — शब्द? हो, दिला होता. मोडला. सांगा भावकीला, सेनेम शब्द मोडणारी बाई आहे. बरंच झालं, पुढं माझ्याकडून कुणी शब्द घ्यायला येणार नाही. पण शेरडं माझी. माहेराहून आणलेल्यांची वीण आहे ही. दाव्याला हात लावून बघा, अशी बोंब ठोकीन की खालचा इमाम अजान सोडून वर येईल.

उठा आता. धारा राहिल्यात माझ्या. रिकामा ट्रक उतारावर उडतो, ड्रायव्हरला जपून म्हणावं. आणि दुर्सुन विचारील, आईचं दही आणलंत का काका — विचारीलच तो, लहानपणापासून हावरा — तर खायचं असलं की चढून ये म्हणावं.