न झालेली झुंज

गोरेगावच्या बसथांब्यावर बसची वाट पाहणाऱ्या रचनाच्या मागच्या बाकावर दोन म्हातारे पैलवान मोबाईल पाहत बसले होते. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या बॉक्सरांवरून दोघांची चांगलीच जुंपली होती.

“केवळराम, त्या गोऱ्या सलिवाननं तुह्या काळ्या जॅक्सनले एका ठोशात लोळवलं असतं.”

“कसं लोळवलं असतं, टेकचंद? तो त्याच्यासंग लढलाच नाही.”

“काऊन? भेला का?”

“काळ्यासंग लढत नाही म्हणे.”

“हात्तीच्या! जोड टाळून चॅम्पियन म्हणून मिरवला? लाज नाही वाटली त्याले?”

“तुले वाटली का?”

“मले? मले काऊन?”

“मंडईच्या जत्रेत, कुस्त्यांच्या दंगलीत मी लंगोट कसून उभा होतो. तू हात मिळवला नाही. बौद्धाच्या पोराले शिवत नाही म्हणला, अन् न लढताच बक्षिसाची ढाल घेऊन घरी गेला.”

रचनानं मागे वळून पाहिलं आणि पटकन मान फिरवली.

“केवळ्या… मी ते पार विसरलो होतो रे.”

“मी नाही विसरलो.”

बस लागली. केवळराम आधी चढला. टेकचंद गुडघा धरून खालीच उभा राहिला. केवळरामनं दारातून हात पुढे केला.

“बस सुटून राहिली. आता तरी मिळव.”