दुसरा चमचा

अहो, तो दुसरा चमचा मी नाही हो घेतला, पोटाने घेतला! हसा, हसा... पण तुम्हाला सांगतो, आमच्या क्रूशेव्हात्स गावात आजवर कुठल्या पाहुण्याने असलं केलेलं नाही!

म्हणजे बघा, डॉक्टरीणबाईंनी साखर बंद केली आणि आमच्या बायकोने, देसांकाने, सगळ्यात साखरेऐवजी ती पांढरी गोड पूड घालायला सुरुवात केली, कॉफीत पूड, केकात पूड... मला न सांगता हं! जीभ भोळी, ती म्हणाली, वा, गोड! पण खाऊन उठलो की चैनच पडेना. कपाट उघड, बंद कर, पुन्हा उघड... "राडिसाव, काय हरवलंय?" देसांका विचारते. मला तरी कुठे ठाऊक? शेवटी डॉक्टरीणबाई नाकातून म्हणतात, "आतड्यालाही खऱ्या साखरेची पारख असते बरं का! जीभ फसते, ते नाही फसत. परस्पर मेंदूला निरोप धाडतं." परस्पर! माझंच पोट, आणि मलाच पत्ता नाही!

अशात आमच्या यागोदाची सोयरीक जुळवायला मुलाच्या घरी गेलो. पोरीचा जीव त्या मुलात अडकलेला. "बाबा, आज तरी नीट वागा हं!" मुलाची आई स्पासेनिया, ताठ बाई, तबक घेऊन आली... पाकातल्या चेरी, चमचे, पाण्याचे पेले. रीत काय? एक चमचा खायचा, चमचा पेल्यात सोडायचा, गप्प बसायचं. खाल्ला. सोडला. बसलो. हवापाण्याच्या गप्पा चालू... आणि आत काहीतरी उठलं हो! खरी साखर! मी आपला मान डोलावतोय, आणि हात गेला पेल्यात, ओला चमचा काढला, सरळ पाकात!

मी नाही हो, पोटाने!

यागोदा पांढरीफटक. देसांकाचं कोपर माझ्या बरगडीत. स्पासेनिया म्हणते, "आमच्यात... एकच घेतात." झालं! मोडलं लग्न! एका चेरीपायी पोरीचं वाटोळं केलं मी, डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या...

तेवढ्यात मुलाचा बाप तिहोमिर उठला. यजमानाने खरं तर तबकाला हातही लावायचा नसतो! "पाहुण्याला एकट्याला कसं खाऊ द्यायचं?" म्हणाला, चमचा उचलला आणि एक... दोन... तीन! "तिहोमिर!!" "अगं, हात आपोआपच..."

स्पासेनिया वळली देसांकाकडे. "तुमचेही कपाटं उघडत हिंडतात?"

"दिवसभर! म्हणजे तुम्हीपण पूडच घालता?"

"मग काय तर!"

आणि तुम्हाला सांगतो, दोघी गळ्यात गळे घालून... लग्न तिथल्या तिथे ठरलं! केक दोघी विहिणी मिळून करणार आहेत. अर्थातच पुडीचा. जीभ म्हणेल, वा, गोड... आणि आम्ही दोघे व्याही, नव्या कोटात, हॉलभर कपाटं उघडत हिंडू.