नवरदेवाचा मामा हात वर करेपर्यंत

समारंभाचे अध्यक्ष माननीय शरच्चंद्र साहेब, व्यासपीठावरचे पाहुणे, आज ज्यांना निरोप द्यायचाय त्या पद्मजा मॅडम, आणि एक डोळा जेवणाच्या टेबलाकडे ठेवून बसलेली कंपनीची समस्त मंडळी, सगळ्यांना माझा नमस्कार.

मी शंभू. तुमच्या कंपनीत नाही. बिबवेवाडीच्या एका ब्रास बँडमध्ये ड्रम वाजवतो. आठवीत शाळेने मला निरोप दिला, तेव्हा असा हॉल कुणी घेतला नव्हता. त्यामुळे भाषणाचा अनुभव नाही.

मॅडम इतकी वर्षं तुमचे पगार काढत होत्या, हे तुम्हाला माहीत. पण घरी पियानो वाजवतात, हे किती जणांना माहीत होतं? रिटायर होऊन मुलीकडे कॅनडाला कायमचं जायचं, त्याआधी स्वतःची एक सीडी करायची, एवढीच त्यांची इच्छा. पियानो, बास आणि ड्रम, तिघांचं जॅझ. बासवर तुमच्या टेस्टिंगमधले हे केयूर सर. ड्रमवाल्याला मात्र ऐन वेळी व्हिसा मिळाला आणि तो अमेरिकेला पळाला. स्टुडिओ ठरलेला, रिटायरमेंट तोंडावर.

त्याच आठवड्यात विश्रांतवाडीत मॅडमची कॅब आमच्या वरातीमागे अडकली. मॅडम खाली उतरल्या. मला वाटलं, आता शिव्या.

"अहो, न थांबता किती वेळ वाजवता?"

"नवरदेव घोड्यावरून उतरेपर्यंत."

"शनिवारी घोडा नाही. याल?"

स्टुडिओत गेलो. पहिलं गाणं मस्त झालं. मॅडम थांबल्या, केयूर सर थांबले. मी चालूच.

"शंभू, संपलं रे गाणं!"

"कुणी सांगितलं?"

आता यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा! वरातीत गाणं संपत नसतं. मांडवाच्या दारात नवरदेवाचा मामा हात वर करतो, तेव्हा थांबायचं. त्याआधी थांबलं तर नाचणारे सोडत नाहीत. केयूर सरांनी मला आकडे मोजायला शिकवलं. मोजायला लागलो की हात चुकायचा. दुपार झाली तरी एक गाणं धड संपेना.

केयूर सर वैतागले. "मॅडम, राहू द्या. याच्याने नाही होणार."

राहू द्या म्हणजे सीडीच राहिली. दुसरा ड्रमवाला कुठला आणणार?

मॅडम म्हणाल्या, "होईल. त्याचा मामा मी होते."

मग शेवट जवळ आला की त्या डावा हात वर करायच्या आणि नुसत्या उजव्याने वाजवायच्या. सीडी आल्यावर पेपरात कुणीतरी लिहिलं, 'शेवटाकडे डाव्या हाताचा संयम थक्क करतो.' संयम कसला डोंबलाचा! तो हात मला दाखवत होत्या.

शेवटच्या गाण्याला मात्र हात वर होईना. मी बघतोय, केयूर सर बघताहेत, काचेमागून स्टुडिओवाला घड्याळ दाखवतोय. मॅडमची मान खाली. सीडी झाली की घरचा पियानो विकायचा, हे ठरलेलं होतं. मी आपला वाजवत राहिलो. शेवटी स्टुडिओवाल्यानेच आवाज हळूहळू खाली नेला. सीडीत ते गाणं संपत नाही. नुसतं लांब जातं, वरात चौकातून पुढे गेल्यासारखं.

असो. साहेबांनी बोलू दिलं, तुम्ही भुकेल्या पोटी ऐकलंत, आभारी आहे. काही कमीजास्त बोललो असेन तर बँडवाला म्हणून सोडून द्या. कधी थांबायचं हे मला अजूनही कळत नाही, म्हणून मघापासून मॅडमकडे बघतोय.

मॅडम, करा की. भाजी गार होतेय.

अहो मॅडम...

केला. डावाच.

धन्यवाद.