काढू न दिलेल्या वायरी

आमच्या शबाना सिस्टरचं सांगते तुमाले. मी अकोल्याच्या एका दवाखान्यात, हार्टच्या वार्डात नवीनच नर्स लागली होती. एका काकाची सुट्टी झाली, अन् मी त्यायच्या छातीवरच्या वायरी काढाले गेली. तेवढ्यात मॉनिटरसमोर बसलेल्या सिस्टर म्हणाल्या, "काढू नको. ठोके मधीमधी चुकून राहिले. डॉक्टरले बोलावलं मी."

काका चिडले. "मले काई होऊन नाही राहिलं. खाली मोर्शीची गाडी उभी हाय, अन् तुमी काहून अडवून राहिल्या?"

सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "रागवा माह्यावर, पण पडून राहा."

डॉक्टर जिना चढून येईपर्यंतच मॉनिटर वाजला अन् काकाची मान कलंडली. मी जागीच थिजली. सिस्टरनी मात्र लगेच छाती दाबाले सुरुवात केली, मशीन लावून शॉक दिला, अन् पडद्यावर ठोके परत आले.

थोड्या वेळानं काका शुद्धीवर आले. कण्हत म्हणाले, "छाती काहून दुखून राहिली? कोणं मारलं मले?"

"मीच मारलं जी," सिस्टर म्हणाल्या, अन् काकाची चादर नीट करू लागल्या.