बोटीवर मी म्हटलं, हलू नका!

नाही, तुम्हीच सांगा, चार माणसं... फक्त चार! एवढी चार माणसं एका जिन्यावर जरा वेळ उभी करायची, यात कुणाला जमू नये असं काय आहे हो? मी शाळेत पीटीचा मास्तर आहे. अख्खं मैदान पोरांनी भरलेलं असतं, नुसता कल्ला, आणि मी शिट्टी मारली की सगळे जागच्या जागी पुतळे! अहो, एकदा कुंपणापलीकडून चाललेला पोस्टमनसुद्धा सावधानमध्ये उभा राहिला, मग मलाच त्याला जाऊन सांगावं लागलं, की बाबा रे, विश्राम! आणि घरची ही चार माणसं? मी म्हटलं, हलू नका! बास, एवढंच म्हटलं... आणि मी पाठ फिरवायचा अवकाश, जिना मोकळा!

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल मास्तर नुसतेच तापलेत.

तर आम्ही बोटीच्या सहलीला गेलो. आम्ही म्हणजे मी, बायको, कॉलेजात जाणारी लेक, माझी आई आणि सासरे. आईचे गुडघे तिचं ऐकत नाहीत आणि सासरे कुणाचंच ऐकत नाहीत... म्हणजे त्यांना ऐकूच येत नाही, कानाला यंत्र आहे, पण ते यंत्र बहुतेक वेळ खिशात असतं. आणि बोट कसली हो, तरंगतं गाव! खालून वर बघितलं तर मानेत कळ येते. आत शिरलो, सामान अजून खोलीत आलं नव्हतं, आई पलंगावर हात फिरवून म्हणत होती, "गादी बरी आहे हो," तेवढ्यात भिंतीतला कर्णा बोलला. थोड्या वेळानं भोंगा वाजेल, तो सराव आहे, घाबरू नका, भोंगा वाजला की तुमच्या कार्डावर जे अक्षर आहे त्या जागी सगळ्या कुटुंबानं एकत्र जमायचं. लिफ्ट वापरायची नाही. मोजणी होईल. एक माणूस कमी असला तरी सराव पुरा होणार नाही आणि सराव पुरा झाल्याशिवाय बोट हलणार नाही.

तुम्हाला सांगतो, माझे कान टवकारले. जमायचं! मोजणी! अहो, हे तर माझंच खातं! मी लगेच गळ्यात शिट्टी घातली. बायको म्हणाली, "अहो, तुम्ही ती सहलीला आणलीत?" म्हटलं, डॉक्टर नळी सोडून जातो का कुठं? मग मी खोलीतच सगळ्यांना उंचीप्रमाणे उभं केलं. आई पुढं, मग लेक, मग बायको, शेवटी सासरे, म्हणजे मागून कुणी निसटायला नको. लेक म्हणाली, "बाबा, चिल ना! नुसता सराव आहे." मी म्हटलं, "सरावात जो चुकतो तो सामन्यात हरतो!" हे वाक्य मी शाळेत म्हणतो तेव्हा पोरं टाळ्या वाजवतात. इथं सासऱ्यांनी विचारलं, "जावईबापू, चहा कधी आहे?"

कार्ड मी वाचलं. अक्षर होतं बी. आता चष्मा बॅगेत आणि बॅग बोटीच्या पोटात, पण अक्षर वाचायला चष्मा कशाला लागतो? आई म्हणाली, "अरे, डी आहे ते." मी म्हटलं, "आई, तू गप्प बस, बी आहे." ती म्हणाली, "पाठ सरळ आहे त्याची, पोट एकच आहे. बीला दोन पोटं असतात." म्हटलं, "मास्तर कोण आहे इथं?" ती गप्प बसली. माझी आई गप्प बसली की समजायचं, काहीतरी वाढून ठेवलंय... पण तेव्हा कुठं कळतं हो!

आणि भोंगा वाजला! बापरे! कानात कुणी टेबल सरकवतंय असा आवाज! सासऱ्यांनी पहिल्यांदा काय केलं असेल? यंत्र काढलं आणि खिशात टाकलं! म्हणाले, "फार ओरडतंय." म्हणजे झालं, आता त्यांना सूचना द्यायच्या तर हातवारे! आम्ही बाहेर पडलो, तर बोळात ही गर्दी. कुणी पोहायच्या कपड्यात, कुणी टॉवेल गुंडाळलेला, एक बाई डोक्याला फेस तसाच घेऊन निघालेली. दोन्हीकडं सारखी दारं, सारखे दिवे, सारखा गालिचा, कुठून आलो ते कळायची सोय नाही. आणि मी सगळ्यात पुढं, "डावीकडून! डावीकडून! रांग मोडू नका!"

जिन्याशी आलो. आईचे गुडघे, म्हणून तिनं कठडा धरला. मी विचार केला, उगाच म्हातारीला खालीवर कशाला करायचं, आपण पुढं जाऊन जागा बघून येऊ. म्हणून मी वळून, एकेकाच्या डोळ्यात बघून म्हटलं, हलू नका! सासऱ्यांना तर हातानं दाखवलं, असं, तळवा पुढं करून. त्यांनीही मला तळवा दाखवला. त्यांना वाटलं मी टाटा करतोय.

गेलो वरच्या मजल्यावर. बी शोधून काढला. तिथं नारिंगी जॅकेटातली एक मुलगी कार्डं तपासत होती, तिनं माझं कार्ड बघितलं आणि म्हणाली, "सर, हे डी आहे. दुसऱ्या टोकाला." मी म्हटलं, "नीट बघा." तिनं नीट बघितलं. मग माझ्याकडं बघितलं, आणि ज्या हळुवार आवाजात आम्ही पहिलीच्या पोरांना नाक पुसायला सांगतो ना, त्या आवाजात म्हणाली, "पाठ सरळ आहे बघा सर. पोट एकच आहे."

धावत खाली आलो. जिना रिकामा! आई नाही, बायको नाही, लेक नाही, सासरे नाहीत... कठड्याला कुणाचा हात नाही. मी म्हटलं होतं ना, हलू नका? म्हटलं होतं की नाही?

आता तुम्ही हसाल. हसा. मला माहीत होतं हो सराव आहे ते. बोट धक्क्याला बांधलेली, समुद्र बशीतल्या पाण्यासारखा गुळगुळीत. पण डोक्याला माहीत असतं ते पोटाला कोण सांगणार? माझ्या डोळ्यापुढं एकच, आईचा तो कठडा धरलेला हात. इतक्या माणसांच्या लोंढ्यात ती पडली असली तर? कुणी धक्का दिला असला तर? सासरे तर भोंग्याच्या उलट दिशेनं चालत थेट बोटीच्या टोकाला जाऊन उभे राहतील! मी या बोळातून त्या बोळात, "आई! आई!" करत... अहो, या वयात! टक्कल पडलेला माणूस आईच्या नावानं हाका मारत पळतोय, लोक भिंतीला चिकटून वाट देत होते.

मग मी माझं ब्रह्मास्त्र काढलं. शिट्टी! म्हटलं, ही ऐकली की असतील तिथून येतील. छातीत हवा भरली आणि अशी मारली, अशी मारली... आणि आले ना! दारं उघडून आले, जिन्यावरून आले, कोपऱ्यातून आले... पण माझं एकही नाही! सगळे परके! टॉवेलवाला आला, फेसवाली आली, कडेवर पोर घेतलेलं एक जोडपं आलं, आणि सगळे गुमान माझ्यामागं रांगेत उभे राहिले. त्यांना वाटलं मी बोटीचा माणूस! टॉवेलवाल्यानं अदबीनं विचारलं, "साहेब, जॅकेट कुठं मिळणार?"

आता इथं शहाण्या माणसानं काय म्हटलं असतं? "मला माहीत नाही, मी पण तुमच्यासारखाच हरवलोय." साधं वाक्य आहे. पण ती रांग! काय रांग होती हो, सरळ, सुरेख, हातभर अंतर सोडलेली... शाळेत कधी मिळाली नाही अशी. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "शिस्त ठेवा, सगळ्यांना मिळेल! चला माझ्यामागं!" आणि निघालो की! कुठं ते विचारू नका. कुणाला रस्ता विचारायचा तर कसा विचारणार, पुढं चालणारा मीच! वळलो, उतरलो, परत वळलो, समोर एक मोठं दार दिसलं, म्हटलं हेच असणार, दणकन ढकललं... आणि आत बटाट्यांचा डोंगर.

बोटीचं स्वयंपाकघर! उंच टोपीचा आचारी हातात झारा घेऊन उभा. त्यानं माझ्याकडं बघितलं, माझ्यामागच्या रांगेकडं बघितलं. म्हणाला, "तुम्ही कोण?"

"मी... मी माझी माणसं शोधतोय."

"मग ही कोण?"

"ही... ही माझ्याबरोबर आहेत."

मागून फेसवाली म्हणाली, "आम्ही यांच्याबरोबर नाही आहोत हो! आम्हाला वाटलं, हे तुमच्याबरोबर आहेत!"

आणि तेवढ्यात भोंगा थांबला. सगळी बोट चिडीचूप. भिंतीतल्या कर्ण्यात खरखर झाली, कुणीतरी घसा खाकरला, आणि... तुम्हाला सांगतो, मी तो आवाज पोटात असल्यापासून ओळखतो.

"हॅलो... यात बोलू का? हॅलो. बाळू! अरे बाळू, मी आई बोलतेय. आम्ही सगळे डीमध्ये आहोत. डी! असशील तिथंच थांब, हलू नकोस. या मुली फार चांगल्या आहेत, तुला आणायला माणूस पाठवतायत. आणि लोकहो, कुणाला दिसला तर बसवून ठेवा त्याला. टक्कल आहे, गळ्यात शिट्टी आहे. स्वभावानं बरा आहे."

सगळ्या बोटीत! प्रत्येक मजल्यावर, प्रत्येक खोलीत, कप्तानाच्या केबिनमध्येसुद्धा! आचाऱ्यानं झारा खाली ठेवला, एक स्टूल ओढलं, फडक्यानं पुसलं आणि म्हणाला, "बसा, बाळूसाहेब." मी बसलो. काय करणार? आणि खोटं कशाला सांगू... स्टुलावर बसल्यावर माझे डोळे भरून आले. अपमान तर होताच, पण म्हातारी धड होती हो. पडली नव्हती. टॉवेलवाल्यानं टॉवेलाचं टोक पुढं केलं, मी नको म्हटलं.

मग माणूस आला, आम्हाला सगळ्यांना डीमध्ये घेऊन गेला. बघतो तर काय, आई खुर्चीत, गुडघ्याखाली उशी, हातात सरबत! बायको शेजारी. लेक तोंडावर ओढणी दाबून हलतेय. सासरे यंत्र लावून बसलेले, म्हणाले, "जावईबापू, आत्ता आवाज अगदी स्पष्ट आला बघा."

मी भडकलोच. "मी म्हटलं होतं ना, हलू नका?"

आई म्हणाली, "अरे, जिन्यात उभं राहायचं नसतं. मागून लोकं येत होती. तिथली एक जॅकेटवाली मुलगी म्हणाली, कार्ड दाखवा आजी, मी माझं दाखवलं, ती घेऊन आली. विचारत गेलं की माणूस हरवत नाही."

"आणि मी?"

"तू विचारतोस कुठं? तू सांगतोस."

बायको उठली, माझ्या शर्टाची वर-खाली लागलेली बटणं सोडवून नीट लावली, आणि हळूच म्हणाली, "मलाही भीती वाटली हो. तुम्ही कुठं पडलाबिडलात की काय..." बघा, म्हणजे मी चौघांसाठी पळत होतो आणि चौघं माझ्यासाठी जीव मुठीत धरून बसली होती. एका जागी! हलली नाहीत!

एवढ्यावर मिटलं असतं तर ठीक. पण कर्णा परत बोलला. काही प्रवासी चुकीच्या जागी नेले गेल्यामुळं मोजणी जुळली नाही, सबब सराव पुन्हा होईल. "नेले गेल्यामुळं"! सगळ्या हॉलनं एकदम वळून माझ्याकडं बघितलं. मी आपला छताकडं. दुसऱ्या खेपेला आईनं माझा हात धरला आणि मला खोलीपासून डीपर्यंत चालवत नेलं, मध्ये दोनदा थांबली, ते गुडघ्यांसाठी नव्हे, मी मागं आहे ना ते बघायला.

आणि शेवटी ती नारिंगी जॅकेटातली मुलगी आली. म्हणाली, "सर, रागावू नका, लहान मुलांना आम्ही हे बांधतो..." आणि माझ्या मनगटाला एक पट्टा! भडक पिवळा, त्यावर हसरं कासव, आणि खाली मोठ्ठं डी. एकदा लावला की कात्रीशिवाय निघत नाही असा. अख्खी सहल मी तो हातात घालून हिंडलो. जेवायला गेलो की वाढपी विचारायचा, "बाळूसाहेब, आई कुठंय?"

आता सहल संपून पंधरवडा झाला. परवा मी कात्री घेऊन बसलो, म्हटलं, उद्यापासून शाळा, हे काय कासव घेऊन मैदानावर उभं राहायचं? तर बायकोनं कात्रीच काढून घेतली. म्हणाली, "राहू द्या हो इतक्यात. पुढच्या आठवड्यात भाचीचं लग्न आहे... आणि त्या हॉलला चार दारं आहेत."