विठाबाईंची पिशवी आणि माझी तक्रार

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्षा अलकाताई, सोसायटीचे सचिव यशोवर्धन, या खुर्चीत अवघडून बसलेल्या उत्सवमूर्ती विठाबाई, क्लबहाउसमध्ये जमलेले सर्व रहिवासी आणि माझ्या रविवारच्या कवितावर्गातल्या मुलांनो,

सहा वर्षं आपले जिने झाडून विठाबाई आता बोम्मसंद्र्याच्या एका पाळणाघरात कामाला चालल्या. निदान आपण तसं धरून चाललोय. शाल झाली, श्रीफळ झालं, फोटो झाले. पण मी जात्याच संशयी माणूस. एवढं कौतुक एकदम कशाला, असं मघापासून वाटतंय. आपण काही झाकत तर नाही ना?

माझ्याकडे एक जुनी वही आहे. सातवीत असताना शाईनं उतरवलेल्या कवितांची. आमचे गुरुजी डोळे मिटून चालीवर म्हणायचे, तेव्हा खिडकीबाहेरची चिंचही कान देऊन ऐकतेय असं वाटे... असो, भरकटलो. तर वर्गात माझा नियम होता. न अडखळता कविता म्हणेल त्यानं वही आठवडाभर घरी न्यावी. बाकीच्यांनी हात लावायचा नाही. केवढी ऐट होती मला त्या नियमाची!

जूनमध्ये वही नाहीशी झाली. वर्गाची खोली कोण झाडतं? विठाबाई. शिवाय एकदा त्यांना तिची पानं उलटताना मी पाहिलं होतं. झाडणाऱ्या बाईला वाचता येतं, याचाच मला संशय यावा! मी लेखी तक्रार दिली. मग दहा दिवस गेटवरचा वॉचमन देवाप्पा, 'अक्का, स्वल्प... जरा पिशवी दाखवा,' म्हणत त्यांचा डबा, चष्मा, जुनी साडी बाकावर मांडायचा. येता-जाता तुम्ही पाहत होतात. मीही, बाल्कनीतून.

अकराव्या दिवशी विठाबाईंची पिशवी उघडली जात होती, तेव्हा मीही गेटवर होतो. तेवढ्यात आपली कस्तुरी, नऊ वर्षांची, चारचौघांत जिची जीभ अडते ती, वही छातीशी धरून आली.

'आजोबा, मी घेतली होती. मला पण कविता म्हणायची होती.'

शाळेतून आल्यावर ती जिन्यात बसून कविता म्हणायची आणि विठाबाई ऐकायच्या.

तरी मला काय वाटलं? या बाईनंच पोरीला आळ घ्यायला पढवलं! म्हटलं, 'म्हणून दाखव.' कस्तुरी चार वेळा अडखळली, पण शेवटच्या ओळीपर्यंत गेली. पढवलेलं असं येत नाही हो. त्या अडखळण्यात दहा दिवसांची मेहनत होती.

'तुम्हाला ठाऊक होतं, मग बोलला का नाहीत?' मी विठाबाईंना विचारलं.

'मी सांगितलं असतं तर पोरगी चोर ठरली असती, अण्णा. तिला म्हटलं, तुला धीर येईल तवा तूच सांग. मी हाय.'

'आणि तोवर रोज पिशवी उघडायची?'

'पिशवीत काय हुतं? भाकरी. बघू द्यात की!'

देवाप्पा हसला. मला हसता आलं नाही.

मुलांनो, शूरांच्या कविता मी तुम्हाला खड्या आवाजात शिकवतो. पण भ्यालेल्या मुलीला धीर येईपर्यंत तिच्याजवळ बसून राहावं, हे मला कधी सुचलं नाही. ते तुम्ही जिन्यात जाऊन शिका.

आता झाकलेलं सांगतो. पाळणाघरानं सोसायटीचं पत्र मागितलंय. ते अडलंय, कारण माझी तक्रार अजून फायलीत आहे. मागे घ्यायची मला लाज वाटत होती. सोमवारी पत्र नसेल तर विठाबाईंना तिथं आत घेणार नाहीत. शाल बघून कोण कामावर ठेवतं?

तर सर्वांसमक्ष सांगतो: माझी तक्रार खोटी होती. विठाबाई, मी तुमचा अपराधी आहे. यशोवर्धन, नुसती मान डोलावू नका. 'उद्या बघू' म्हणायची तुमची सवय मला ठाऊक आहे, म्हणून पत्र मी लिहूनच आणलंय. सही तेवढी बाकी आहे.

आपण साऱ्यांनी शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. म्हातारपणी बोलणं लांबतं. अधिकउणं झालं असेल तर सांभाळून घ्या. मात्र सही होईपर्यंत मी माईक सोडणार नाही. यशोवर्धन, या. पेन माझ्या खिशात आहे.